तोफेचं तोंड मागं

टीव्हीवर हल्ली कुठली ना कुठली लढाई चालूच असते. परवा जेवताना मुलानं बातम्या लावल्या, तर जर्मनीतून निघालेल्या तोफा ट्रेलरवर चढवून कुठल्याशा आघाडीकडं चालल्या होत्या. घरातले सगळे तोफा बघत होते. सून म्हणाली, "बाबा, नळी केवढी आहे बघा!" मी म्हटलं, "डावीकडची मागची साखळी ढिली आहे. आवळली नाही तर बोंबलेल तो ड्रायव्हर." मग आणखी थोडं बघून म्हणालो, "तोफेचं तोंड मात्र पुढं ठेवलंय. बरं केलं." सगळे माझ्याकडंच बघायला लागले. कोलंबीचं कालवण गार होत होतं, म्हणून मी मान खाली घातली आणि जेवलो.

आमच्या माणगावातून निघणाऱ्या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या मुलाचे जुने मास्तर. दर वर्षी भेटले की म्हणतात, "दत्ताराम, तुमचा लढाईचा अनुभव लिहा हो." मी दर वर्षी सांगतो, मास्तर, मी लढाईत नव्हतो, मी लढाईचं भाडं मारत होतो. त्यांना यातला फरक कळत नाही. या वर्षी नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून लिहितोय.

आधी धंदा काय तो सांगतो. ट्रक आणि ट्रेलर यांत फरक आहे. ट्रक म्हणजे एकच अखंड गाडी. ट्रेलर म्हणजे दोन. पुढं इंजिनाचं धूड, त्याला आम्ही घोडा म्हणतो, आणि मागं नुसतं चाकांवरचं लांबलचक फळकूट. दोघांना जोडतो एक जाड खुंटा. या खुंट्यात नेहमी बोटभर ढिलाई असते. म्हणजे घोडा निघाला तरी मागचं धूड लगेच निघत नाही, आधी एक झटका खातं. चढावर ब्रेक सोडलात तर उलट थोडं मागंच सरकतं. नवीन ड्रायव्हर या झटक्यात माल पाडतो. जुना ड्रायव्हर मागच्या चाकांचा हाताचा ब्रेक तसाच दाबून ठेवतो, घोडा हलकेच पुढं ताणून ढिलाई काढून घेतो आणि मग ब्रेक सोडतो. एवढीच विद्या. बाकी सगळं झोप न येऊ देणं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. किहीमला एका मुंबईकरानं बंगला बांधला आणि बागेत ठेवायला आगरदांड्याहून मच्छीमारांची जुनी होडी विकत घेतली. ती माझ्या ट्रेलरवर. साहेब म्हणाले, "तळाला शिंपले चिकटलेत ते तसेच राहू द्या, ओरिजिनल वाटतं." म्हटलं राहू द्या. वाटेत उन्हानं ते शिंपले असे कुजले, असे कुजले, की अलिबागच्या पुढं एक मोटारवाला माझ्या मागं टिकेना. बंगल्यावर उतरवली तेव्हा बाईसाहेब नाकाला पदर लावून घरात गेल्या. नंतर ऐकलं की महिन्याभरानं ती होडी फोडून जाळली. असली भाडी मी पुष्कळ मारली आणि त्यांच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलंही. तोफांची गोष्ट मात्र घरीसुद्धा धड सांगितलेली नाही.

कुवेतच्या लढाईच्या वेळी मी सौदीत दम्मामला होतो. आमच्या भागातून आखातात जाणं नवं नव्हतं. भातशेती चार महिन्यांची, मग बाकीचे आठ महिने माणसानं करायचं काय? मी ट्रेलरवर लागलो. आमच्या कॅम्पात कोकणातली बरीच माणसं होती, आणि त्यांत माझा जोडीदार हसनभाई. आगरदांड्याचा. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. आखातात येण्याआधी आगरदांडा ते दिघी या खाडीतल्या लाँचवर तांडेल होता, म्हणजे सुकाणूवरचा माणूस. ट्रेलरही तो लाँचसारखाच चालवायचा, अंग हलवत, स्वतःशी पुटपुटत. जोडीदार म्हणजे काय तेही सांगतो. वाळवंटात एकटा ट्रेलर कोणी काढत नसे. दोन गाड्या जोडीनं निघायच्या, एक बंद पडली तर दुसरीनं थांबायचं, भले मालक शिव्या देवोत. जोडीला सोडून पुढं गेलेल्या ड्रायव्हरला कॅम्पात कोणी चहा विचारत नसे.

लढाई पेटणार हे दिसायला लागलं आणि बंदरात जहाजांवर जहाजं लागली. अमेरिकेची एक मोठी फौज जर्मनीत राहत होती, ती सगळी उचलून इकडं आणली. तोफा जर्मनीहून आल्या म्हणून आम्ही त्यांना जर्मन तोफाच म्हणायचो. रंग हिरवागार, जंगलात लपायचा. इथं जंगल कुठलं? पिवळ्या वाळूत त्या हिरव्या तोफा लांबून झाडांसारख्या दिसायच्या. रंग बदलायलाही वेळ नव्हता. तोफांच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये जर्मनीतला चिखल वाळून बसला होता. मी शेतकऱ्याचा पोर, मला राहवलं नाही. एक ढेकूळ काढून हातात चुरलं. काळी, चिकट, चांगली माती होती. भात झकास आलं असतं त्यात. हसनभाई म्हणाला, "दत्ता, खातोस काय रं ती? टाक ना."

आता तोफ ट्रेलरवर कशी चढवतात ते ऐका. या तोफा रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या. सैनिक ती मागच्या फळीवरून सरळ चालवत वर चढवायचा. त्यामुळं नळीचं तोंड यायचं पुढं, थेट ड्रायव्हरच्या टपावर. म्हणजे तुम्ही गाडी चालवताय आणि डोक्यावर हातभर अंतरावर तोफेचं तोंड. ते बघून आमच्या सगळ्या कोकणी मंडळींचे चेहरे पडले. हसनभाई तर गाडीतून खालीच उतरला.

"ती तोफ हाय दत्ता. मोकली असू दे, नायतर भरलेली. तिचं तोंड माणसाचे डोक्यावर धरायचं नाय."

मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडं दसऱ्याला कोयता-विळा पुजतात तेव्हासुद्धा पातं माणसाकडं करत नाहीत. हत्याराला तोंड असतं आणि ते कुणाकडं करायचं याची रीत असते. आम्ही सगळे अडून बसलो. चढवायची तर तोफ उलटी चढवा, तोंड मागं करा.

तोफा चढवून घेणारा अमेरिकन सार्जंट ताडमाड उंच होता, त्याला आम्ही लंबू म्हणायचो. भला माणूस. त्यानं हातवारे करून, नळीला बांधून ठेवणारी लोखंडी कैची दाखवून समजावलं की तोफ मोकळी आहे, नळी जखडलेली आहे, काही होत नाही. शेवटी आमच्या केरळी फोरमनला म्हणाला, "मागं तोंड केलं तर नळी शेपटीच्या बाहेर निघते. मागून येणाऱ्याला धोका आहे." फोरमननं आम्हाला हिंदीतून सांगितलं. आम्ही ऐकलं नाही. बंदरात गाड्यांची रांग लागलेली, वरून त्याच्या साहेबांची घाई. लंबूनं हात वर केले आणि तोफा उलट्या चढवायला लावल्या. नळीच्या टोकाला त्यानं स्वतः लाल फडकं बांधलं.

आता अडचण अशी की जोडीत एक पुढं, एक मागं. पुढच्याचं डोकं सुटलं, पण त्याच्या तोफेचं तोंड दिवसभर मागच्याच्या काचेत. यावर हसनभाईनंच तोडगा काढला. आज तू पुढं, उद्या मी पुढं. ज्याची पाळी त्यानं तोंड बघायचं. मी मागं असायचो तेव्हा दिवसभर ते काळं भोक आणि त्याच्याखाली फडफडणारं लाल फडकं बघून डोळे शिणायचे. हसनभाई म्हणायचा, "मी तर तिला नाव ठेवलंय. सासूबाई. सारखी बघत राहते, बोलत काय नाय."

असे किती फेरे मारले त्याचा हिशेब नाही. बंदरातून उत्तरेला, मग तेलाच्या नळांच्या कडेनं पश्चिमेला, सरळ, कंटाळवाणा रस्ता. रस्ता कसला, नुसती गाड्यांची मुंग्यांची रांग. जाताना तोफ, रणगाडा, दारूगोळा. येताना रिकामं फळकूट दणादण आपटत. लढाईत माणसं गोळीनं मरतात असं वाटतं तुम्हाला. त्या रस्त्यावर माणसं झोपेनं मरत होती. कडेला उलटलेल्या गाड्या पडलेल्या, त्यांतले भोपळे, कांदे, बूट वाळूत पसरलेले. रात्री क्षेपणास्त्रं यायला लागली तेव्हा कॅम्पातले निम्मे ड्रायव्हर पळून गेले. आम्ही का नाही पळालो म्हणाल तर शौर्य वगैरे काही नाही. पासपोर्ट मालकाकडं होते, आणि पळायला लागते ती ताकदही उरली नव्हती. हसनभाईचं एकच चालायचं. घरी जायचं. त्याची म्हातारी आई खाटेला खिळलेली होती आणि त्यानं तिला शब्द दिला होता की तुला माती द्यायला मीच येईन. रोज म्हणायचा, "एवढा फेरा सरला की मालकाच्या पायाशी बसतो. पासपोर्ट घेतल्याबिगर उठत नाय." लढाई कोण जिंकतंय याची त्याला काडीची फिकीर नव्हती. आईच्या आधी आपण मातीत जाऊ, एवढीच भीती होती.

त्या दिवशी सकाळपासूनच वारा सुटला होता. दुपारपर्यंत सगळं आभाळ पिवळं. मी पुढं होतो, हसनभाई मागं, पाळीच तशी होती. सार्जंट लंबू त्याच्या छोट्या गाडीतून आमच्या ताफ्याबरोबर होता. धुळीत दहा पावलांवरचं दिसेना. अशा वेळी खरं तर अंतर वाढवायचं, पण जोडी चुकेल या भीतीनं मागचा आणखीच जवळ येतो. त्यालाही माझ्या गाडीचं काही दिसत नसणार, नळीचं लाल फडकं तेवढं दिसत असणार. तेवढ्यावर तो येत होता. समोर ताफा थांबला. मी ब्रेक दाबला, माझी गाडी व्यवस्थित थांबली. आणि मग मागून आवाज आला.

उतरून धावत गेलो. हसनभाईची गाडी माझ्या शेपटीला येऊन भिडली होती, आणि माझ्या तोफेची नळी त्याच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, टप फाडून आत शिरली होती. त्यानं तोंड वाचवायला उजवा हात वर केला असणार. तो हात नळीचं टोक आणि केबिनचा मागचा पत्रा यांच्यामध्ये खांद्याजवळ चिरडला होता. डोकं नळीला टेकलेलं. जिवंत होता. शुद्धीत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "दत्ता, सासूबाईनं धरलं रं मला."

मी ओरडलो की रडलो, आठवत नाही. लंबू आला. वर चढून त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचं म्हणणं कळायला भाषा लागत नव्हती. हसनभाईच्या गाडीचं तोंड माझ्या फळकुटावर आदळून इंजिन बंद पडलं होतं, ती मागं निघणार नव्हती. नळी बाहेर काढायची तर माझा ट्रेलर पुढं घ्यायला हवा, वीतभर, तोही अगदी सरळ. आणि रस्त्याला तिथं थोडा चढ होता. ब्रेक सोडताच माझं धूड बोटभर जरी मागं सरकलं असतं, तर नळी हसनभाईच्या हातावरून डोक्यापर्यंत गेली असती.

मी म्हटलं, मला जमणार नाही. खरंच म्हटलं. लंबूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसनभाई आतून बोलला, "जमंल. लाँच धक्क्याला लावतो ना, तसंच. मी सांगतो, तू आयक. हलू बोललो की हलू. बस बोललो की बस. मधी डोकं चालवू नको."

पण त्याचा आवाज इंजिनापर्यंत पोचणार कसा? वारा घोंगावत होता. मग लंबू दोन्ही गाड्यांच्या मध्ये फळकुटावर चढून उभा राहिला. एक कान हसनभाईकडं, तोंड माझ्याकडं. त्याला आमचं एक अक्षर कळत नव्हतं, हसनभाईचं 'हलू' म्हणजे आपलं 'हळू' हेही नाही. हसनभाई जे बोलेल तेच, तसंच, तो ओरडणार होता.

मी घोड्यात बसलो. मागच्या चाकांचा ब्रेक दाबून ठेवला. क्लच अगदी हळू सोडत गेलो. घोडा ताणला गेला, खुंट्यातली ढिलाई निघाली, लोखंड कण्हल्यासारखं वाजलं. आता मागचा ब्रेक सोडायचा. हात जाईना. मनात म्हटलं, आई भवानी, एवढी बोटभर जागा तू धर.

आणि मागून त्या ताडमाड गोऱ्याचा आवाज आला, "हलू! हलू!"

मी ब्रेक सोडला. ट्रेलर मागं सरकला नाही. पुढं निघाला.

"हलू... हलू... हलू..."

माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढं ऐकलं नाही. आरसा होता, बघितलाच नाही. तो आवाज नुसता कानात घेत होतो. मग ओरडला, "बस! बस!" आणि मी असा ब्रेक दाबला की गुडघा आखडला.

हसनभाईला काढला. हात राहिला नाही. लष्कराच्या दवाखान्यात खांद्यापासून काढावा लागला. पण डोकं शाबूत, माणूस शाबूत. लंबू दोन वेळा संत्र्याचा रस घेऊन त्याला बघायला आला. फोरमनकडून समजलं की बंदरात तोफा चढवताना तो आता आपल्या सैनिकांनाही "हलू" म्हणून ओरडतो, आणि त्यांना वाटतं हा तोफखान्यातलाच कुठला तरी हुकूम आहे. हसनभाई ते ऐकून दवाखान्यात एवढा हसला की टाके दुखायला लागले.

तोफा दुसऱ्या दिवसापासून सरळ चढायला लागल्या, तोंड पुढं. आम्ही कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या डोक्यावर तोफेचं तोंड घेऊन मी चाललो होतो आणि मला कसलीच भीती वाटत नव्हती. लंबूनं सांगितलं होतं ते बरोबर होतं, आमचंही आमच्या जागी चुकीचं नव्हतं. हत्याराचं तोंड आपल्यापासून फिरवलं की ते कुणाकडं तरी होतंच, हे आमच्या रीतीत कुणी सांगून ठेवलं नव्हतं. या एका वाक्यावर मी अजूनही रात्री-अपरात्री अडतो.

हसनभाईला घरी पाठवायला मालक तयार नव्हता. म्हणे बरा होऊ दे, मग बघू. तेव्हा आम्ही कोकणातले जेवढे उरलो होतो तेवढे चाव्या टेबलावर ठेवून अंगणात बसलो. लढाईचं भाडं अडलं आणि पासपोर्ट मिळाला. हसनभाई आगरदांड्याला पोचला तेव्हा आई होती. त्याला ओळखलंही. रिकामी बाही बघून म्हणाली, "हात कुठं ठेवून आलास?" तो म्हणाला, "गाडीत ऱ्हायला, आणतो." ती पावसाळ्याआधी गेली, आणि त्यानं डाव्या हातानं माती दिली.

मी तिकडं आणखी काही वर्षं काढली, मग इथं गोवा रस्त्यावर. गुडघे गेले तेव्हा थांबलो. आता मला कुठंच जावंसं वाटत नाही. लोक विचारतात, एवढं जग बघितलंत. मी बघितला तो डांबराचा पट्टा, आणि तोही धुळीतून.

गेल्या महिन्यात मात्र दिघीला एका लग्नाला जायचं होतं. गाडी मीच चालवत होतो, सून शेजारी. आगरदांड्याला आता गाड्या चढवणारी मोठी फेरीबोट आहे. धक्क्यावर एक म्हातारा उभा होता, पांढरी दाढी, उजवी बाही खिशात खोचलेली. बोट त्याच्या पुतण्याची आहे, त्यानं इथं उभं राहायची काही गरज नाही. पण गाड्या चढवायला तोच लागतो. मला त्यानं काचेतून ओळखलं, तोंडावर काही दाखवलं नाही. डावा हात वर केला.

"हलू... हलू..."

बोटीच्या लोखंडी फळीवर चाकं चढली. माझ्या पुढं एक पाण्याचा टँकर होता. मी त्याच्या मागं सरकत गेलो.

"बस."

थांबलो. इंजिन बंद केलं. बोट सुटली, खाडीतलं पाणी कापायला लागली. सून म्हणाली, "बाबा, उतरून बघूया ना, छान वारा आहे." मी हललो नाही. हसनभाईही बोटीवर चढला होता; काचेजवळ आला, टकटक केलं. मी काच खाली केली. त्यानं आत वाकून खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवर दाबलेला होता, गुडघा आखडलेला.

"दत्ता," तो म्हणाला, "बस बोललो ना तुला? कवाचा बोललो. सोड रं आता."